बोली

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं आहे:
‘विषय क्रमांक चार. धुळ्याच्या चटई कारखान्याची खरेदी.
चर्चा झाली.’

झाली ती अशी.
मे महिना, जळगाव, बाहेर शेहेचाळीस,
आत एसी अठरावर, बशीत केळीचे वेफर्स.
वडोदऱ्याची पार्टी चौसष्ट कोटींवर गेल्याचं
कुणीतरी फोनवरून वाचून दाखवलं
आणि बेंडाळेसाहेबांच्या मानेची शीर उठली.
‘सत्तर,’ म्हणाले. ‘खान्देशातलं खान्देशात राहील.’
टेबलाभोवती माना डोलल्या,
आहेराचा आकडा ऐकून भाऊबंदांच्या डोलतात तशा.

मंदाकिनी भदाणे, वित्त संचालक,
पर्समधून विजेची बिलं काढत होत्या.
अठरा महिन्यांची. रबरबँड लावलेली.

आदल्या दिवशी त्या अवधानला गेल्या होत्या,
ड्रायव्हर न घेता.
मालकाच्या केबिनमध्ये चहा, मग मागची शेड,
जिथे बायका चटयांच्या कडा शिवतात.
तिथे गोणपाटावर बसून
त्यांनी माहेरची भाषा काढली,
तीस वर्षं घडी घालून ठेवलेली.
‘हाई मशीन चालस का वं?’
‘दिवायीपाईन बंद शे, बहीन.
पाव्हना उनात का चालू करतस.’

बोलीमुळे बोली खाली आली,
हे मला फार नंतर सुचलं.
त्यांना सांगितलं नाही.
त्यांच्याकडे कोटी म्हणजे फक्त आकडा.

‘अडतीस,’ त्या म्हणाल्या.
‘आणि दोनशे बारा माणसांची थकलेली ग्रॅच्युइटी
वेगळी, पहिल्याच दिवशी.
नाहीतर उठू या.’
कुणीतरी हसलं, ‘मॅडम, भाजी घेताय का?’
‘भाजी घेताना मी देठ बघते.’

मतं घेतली. पाच विरुद्ध चार, अडतीसच्या बाजूने.
कारखाना वडोदऱ्याला गेला.
महिनाभर जिन्यात, कँटीनमध्ये
‘बाईमाणसाच्या हातात तिजोरी...’
एवढंच वाक्य.
पुढचं कुणी पूर्ण करत नव्हतं.

फेब्रुवारीत अवधानच्या गेटला कुलूप लागलं.
बेंडाळेसाहेब खुर्चीत मागे रेलले.
‘वाचलो.’

‘कोण?’
भदाणेबाई बोटाला रबरबँड गुंडाळत होत्या,
बोट पांढरं पडेपर्यंत.

मी पेन उचललं, ठेवलं.
इतिवृत्तात प्रश्नचिन्ह घालायची पद्धत नाही.