लाल पट्टा

त्या डिसेंबरात ग्युमरीत वीज यायची
दिवसाकाठी एक तास, तोही न सांगता.
भूकंपाला चार वर्षं झालेली, आम्ही अजून
लोखंडी पत्र्याच्या पेटीघरात.
पाव माणशी अडीचशे ग्रॅम.
रांगेतला नंबर तळहातावर पेनाने लिहायचे,
माझा एकशे बारा. मी तो रात्रीही धुवायची नाही.

नववर्षाला पाच दिवस उरले तेव्हा वराझदातने
हिवाळ्याच्या आजोबांना चिठ्ठी लिहिली
आणि शेगडीत टाकली. धुराबरोबर वर जाईल म्हणे.
आईने चिमट्याने ओढून काढली.
सायकल हवी होती त्याला. जळून उरला होता
एकच शब्द: लाल.

रात्री तिने बाबांचा स्वेटर बाहेर काढला.
बाबा रोस्तोवला, विटा वाहायला.
ऑक्टोबरपासून पत्र नाही.
करडा, जाड स्वेटर, छातीवर लाल पट्टा.
गळ्याशी टाका शोधला, दाताने तोडला
आणि ओढलं.

उसवण्याला आवाज असतो,
उंदराने पोतं कुरतडावं इतका बारीक.
मी दोन्ही हात पुढे धरून बसले होते,
बेड्या घालून घ्यायला बसावं तशी.
मनगटांभोवती लोकर फिरत राहिली.
गळा गेला. खांदे गेले.
छातीशी आल्यावर आई थांबली,
उरलेलं नाकाशी धरलं,
मग पुन्हा ओढलं.

उसवलेली लोकर कुरळी होते,
झोपेतून उठलेल्या केसांसारखी.
भिजवायची, पिळायची, दगड बांधून टांगायची.
दगडांची आमच्या गावाला ददात नव्हती;
पडलेल्या शाळेचा एक काळा दगड आणला.
तरी काही वळणं गेली नाहीत ती नाहीतच.

सुया सायकलीच्या तारांच्या,
शेजारच्या मामिकोनकाकांनी घासून दिलेल्या.
म्हणजे तेवढी सायकल तरी घरात आली होती.
आई अंधारात विणायची, टाके ओठांत मोजत,
आणि चुकली की वीजखात्याला शिव्या द्यायची,
उजेडाचा तिला उपयोग नसताना.

एकतीस तारखेला राजमा, चार उकडलेले बटाटे,
मूठभर सुकं जर्दाळू.
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन पुड्या.
कागदावर अजून जुन्या देशाचं नाव होतं.

वराझदातची टोपी निघाली.
'सायकल?'
'लाल आहे ना,' आई म्हणाली.
त्याने बराच वेळ विचार केला
आणि कानांवर ओढून घेतली.

शोघाकात आजीने पायमोज्यात हात घातला.
आत कुठेतरी तिचं बोट अडलं.
'ही गाठ माझी,' ती म्हणाली.
'पंच्याऐंशी साली लोकर पुरली नाही,
इथे दुसरी जोडली होती.'
आई पातेल्याकडे बघत राहिली.
मला वाटलं, झालं, आता भांडण.
आजीने मोजे चढवले, पाय शेगडीकडे केले.
'टाच घट्ट विणलीस. बरं केलंस.'
मग खिशातून तीन अक्रोड काढले,
आम्हा तिघांना एकेक.
आईचा पोकळ निघाला.
आजी झाडाला शिव्या देत बसली,
झाडाच्या मालकाला, मालकाच्या बापाला,
आणि आई त्या वर्षात पहिल्यांदा
पोट धरून हसली.

बाबा मार्चमध्ये आले.
खोकला, आणि अर्धं पोतं साखर.
'काय गारठा आहे. माझा स्वेटर काढ गं.'
कुणी हललं नाही.
मग वराझदातने टोपी काढून टेबलावर ठेवली.
आजीने वाकून मोजे काढले.
बाबांनी ते उलटेपालटे केले.
'आणि बाह्या?'
'तुमच्या मुलीच्या हातात,' आई म्हणाली.

मी हातमोजा पुढे केला.
त्यात त्यांनी बोटं घालून पाहिली. दोन मावली.
दुसऱ्या हातमोज्याचं त्यांनी विचारलं नाही.
तो मी जानेवारीतच हरवला होता, पावाच्या रांगेत,
आणि तेवढी गोष्ट
घरात अजून कुणालाच माहीत नव्हती.