शंभर किलोमीटरला बेचाळीस

मुरगाबमध्ये पेट्रोल बादलीतून मिळतं.
बादलीचा तळ किती खोल, हे विकणाऱ्यालाच ठाऊक.
म्हणून बाबा आपली बरणी घेऊन जातात,
काकडीच्या लोणच्याची, तीन लिटरची;
झाकण हरवलंय, माप खरं.

ट्रक लष्कराचा. लष्कर गेलं, हा राहिला.
सहा चाकं, तिन्ही आस जोर लावणारे,
रंग अजून शेवाळी,
इथे, जिथे शेवाळ कुणी पाहिलेलंच नाही.
खायला काळ आणि भुईला भार, असं शेजारचा एर्गेश म्हणतो,
आणि हिवाळ्याचा कोळसा याच्याच पाठीवरून मागवतो.

हिशेब माझ्याकडे. भूमितीच्या वहीची मागची पानं.
काराकुलला जाताना, पिठाची पोती भरून: बेचाळीस.
येताना, रिकामा: एकोणचाळीस.
फरक एवढाच?
बाबा म्हणाले, त्याचं स्वतःचं अंगच साडेसहा टनांचं.
पोती त्याला पाहुणी.

मग खोरोगहून नजरशो आला, मिस्त्री,
सायलेन्सरशी वाकून त्यानं काळा धूर हुंगला,
शिळं कालवण हुंगावं तसा.
म्हणाला, हवा इथली पातळ,
आणि तुम्ही याला वाढताय मैदानातलं जेवण.
अर्धं न जळताच बाहेर पडतंय.
कार्बोरेटरचं जेट काढलं, भोक डाग देऊन बुजवलं,
आणि आईच्या डबीतली सुई मागितली,
सर्वांत बारीक.
दुपारभर तो एक भोक पाडत बसला.
अडतीस.

टायर गेल्या शरदात नदीच्या वाळूसाठी मऊ केलेले,
ते तसेच, वर्षभर, जोडे ओढत चालणाऱ्या माणसासारखे.
केबिनमधली कळ फिरवली की हा चालता चालता हवा भरतो,
पण नळी फुटलेली; ती बांधली
सायकलच्या ट्यूबनं.
पुढचा आस बाबा कोरड्या रस्त्यावरही जोडूनच ठेवायचे,
का, तर वीस वर्षांचे असताना एका सार्जंटनं तसं सांगितलं होतं.
सार्जंटचं नाव आठवत नाही. हुकूम आठवतो.
ताडपत्री काढली, कमानीही;
तळ्याकाठचा वारा आता याला शिडासारखा ओढत नाही.
पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही.
चौतीस! मी आकड्याभोवती दोनदा गोल केला.

तरी एक ओळ जुळेना.
अक-बैतालच्या खिंडीत, प्रत्येक हिवाळी फेरीला,
अकरा लिटर, आणि किलोमीटर शून्य.
वारा बर्फ उडवून रस्ता पुसतो, तेव्हा थांबावं लागतं,
हे मलाही कळतं.
पण थांबल्यावर इंजिन कशाला?
बंद करा, मी म्हटलं. वर्षाला दीडशे लिटर.
वर्गात मी टक्केवारीत पहिली होते.

बाबांनी उजवा हात वहीवर ठेवला.
दोन बोटं आखूड. लहानपणापासून पाहिलेली,
मला वाटायचं, पंख्याच्या पट्ट्यात गेली.
उणे अडतीस होतं, म्हणाले.
सोबत मामासाली होता, नवं लग्न झालेला,
तोच म्हणाला, बंद कर, कशाला जाळायचं.
सकाळपर्यंत आम्ही पंचवीस लिटर वाचवले.
मग चहा मागितला.

मी त्या अकराला नवा रकाना आखला,
वर काही लिहिलं नाही.
आखताना पट्टी घसरली, रेघ तिरपी आली.

आई मात्र अजून सुईचं विचारते.
सुई सापडली, टूलबॉक्समध्ये, टोक किंचित बोथट;
तिनं दगडावर घासली आणि रजई शिवायला घेतली.
परवा एर्गेशची बायको आली, रजई नाकाशी धरून म्हणाली,
ही बाई कुठलं तेल लावते हाताला?