दुसरी आवृत्ती

मुर्तझाभाई म्हणतात, दिवाळीच्या आत येणार.
मागच्या वर्षी म्हणाले होते, ईद होऊ दे.
त्याच्या मागच्या वर्षी नुसतंच छताकडे बोट.
बोरा बाजारात, दोरी धरून चढायच्या जिन्यावरती,
त्यांच्या टेबलावर माझी शंभर-चारशे
उघडी पडलेली असते, कड्या एका ताटलीत, स्क्रू दुसऱ्या,
आणि तिसऱ्या भिंगावर बुरशी,
विमानातून खाडीची तोंडं दिसावीत तशी फुटत गेलेली.
मुंबईची हवा, दुसरं काय.
तांदळाच्या डब्यात ठेवली,
बुटांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या
शेजारणींकडून मागून आणल्या,
तरी धरलीच.
पुसली तर कोटिंगही जाईल, म्हणतात ते.
थांबा. नवी येतेय.

येण्याची चिन्हं एडविन वाचतो.
जुनीचा भाव नऊ हजारांनी उतरला.
फोर्टातल्या तीन दुकानांत माल नाही,
चौथ्यात आहे, पण खोक्यावर धूळ.
कुणीतरी पाठवलेलं पेटंटचं चित्र
तो फोनवर मोठं करून दाखवतो,
भिंगांचा आडवा छेद, चिरलेल्या कांद्यासारखा.
वजन दोनशे ग्रॅमने कमी, एडविन म्हणतो.
झूम आतल्या आत, नळी बाहेर येणार नाही,
म्हणजे दमटपणाही आत जाणार नाही.
तीन वर्षं झाली, एडविनने एकही पक्षी टिपलेला नाही.
भाव पडायच्या आत आपली विकून बसला.
आता दुर्बीण घेऊन येतो
आणि मी कुठे बघायला हवं ते मला सांगतो.

माझी एक मुदतठेव आहे.
ज्या शाखेत मी बसते तिथलीच,
अर्ज माझ्या हातचा, सही करंदीकरांची.
तीनदा नूतनीकरण झालं.
दर वेळी ते चष्म्यावरून विचारतात,
मोडायची नाही ना? मुलीसाठी असेल.
मुलगी नाही मला.
मी हो म्हणते.
भिंगासाठी म्हटलं तर
डोळ्यांचं ऑपरेशन समजतील.

रविवारी शिवडीच्या जेट्टीवर
ओहोटी होती. चिखल पार लांबवर,
त्यापलीकडे गुलाबी रेघ,
पाटीवर खडू घासून पुसल्यासारखी.
चारशेला ताणूनही एकेक पक्षी तांदळाएवढा.
अजून शंभर असते तर, मी म्हटलं.
नवी पाचशेपर्यंत जाईल, एडविन म्हणाला,
जणू कारखान्यात त्याचा मेव्हणा आहे.
मग आम्ही त्या पाचशेबद्दल बोलत बसलो,
किंमत, कर, दुबईहून येणारं कोण आहे,
वडापाव संपला, कागदाचा बोळा झाला,
आणि पाणी चढायला लागलं.

कुणी हाकललं नाही त्यांना.
पाण्याने फक्त उभं राहायची जागा कमी केली
आणि ते चालत आले,
माना खाली, चोची उलट्या, चिखल गाळत,
आमच्याकडे पाहण्याचं काहीच कारण नसल्यासारखे.
माझी कडी फिरत राहिली,
साडेतीनशे, दोनशे,
कचकच वाजली, तिच्यात शिवडीचीच वाळू आहे,
दीडशे,
आणि शंभरला येऊन अडली
तरी एकाचे पाय चौकटीत मावेनात.
गुडघा दिसला, त्यावर सुकलेला गाळ.
डोळा दिसला, पिवळा, कुणाच्याही ओळखीचा नसलेला.

एडविनने दुर्बीण गळ्यात सोडली.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
नवी किती जवळचं पकडेल काय माहीत.

घरी येऊन फोटो पाहिले.
डाव्या कोपऱ्यात बुरशीचं धुकं,
प्रत्येकात, त्याच जागी.
एका फोटोत ते नेमकं पाण्यावर पडलंय
आणि सकाळ वाटतं.
बाकीच्यांत बुरशीच.

उद्या ठेव पिकते.
करंदीकर विचारतील.
माझ्या खणात दोन्ही फॉर्म आहेत,
नूतनीकरणाचा पिवळा, मोडायचा पांढरा,
दोन्हींवर नाव घातलंय, तारीख नाही.