रॅक क्रमांक चार, लसूडिया

पहिल्या दिवशी वाटलं,
खोक्यांवर कुणी टायपिंगचा सराव केलाय:
एस-५८-१९-९०-टी२-व्ही-एन-आर३.
लोंढेबाईंनी चष्मा कपाळावर सारला,
"एकदम गिळू नकोस. घास घास करून खा."

एस म्हणजे सेक्टर. ओ असता तर ओम्नी,
चहूकडे बोलणारी, आमच्या शकूआत्यासारखी;
नाक्यापर्यंत ऐकू जाते, पुढे नाही.
अठ्ठावन्नच्या पोटात एक टिंब गाळलेलं असतं,
ते आपण मनातल्या मनात द्यायचं.
एकोणीस म्हणजे गेन.
इथे बाईंनी डबा उघडला,
बाफल्याच्या कणकेचा गोळा तळव्यांत दाबला:
"पीठ तेवढंच, बरं का.
इथलं कमी झालं म्हणून तिथे लांबलं."
नव्वद अंश, तेवढाच पदर पसरायचा.
टी२: जन्मतःच दोन अंश मान खाली.
"नव्या सुनेसारखी?"
"नाही रे. खाली गाव आहे म्हणून."

व्ही सांगताना बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता.
मी मान डोलावली.

गुरुवारी सांवेरच्या टॉवरवरून गेंदालाल:
"भिया, या तो बोले ई नी."
चाळीस मीटरवरचा वारा फोनमध्ये फडफडत होता.
लेबल वाच म्हटलं.
त्यानं एकेक अक्षर खाली सोडलं
दोरीला पाना बांधून सोडावा तसं,
आणि सहाव्याला मी डोळे मिटले.
एच.

पलीकडची लाट उभी, हिची आडवी.
एकाच हवेत, एकाच वारंवारतेवर,
आणि एकमेकींना जेमतेम कुजबुज.
"आडी कर दूं?" त्यानं विचारलं.
नको, मग ती गाव सोडून
आभाळाशी आणि विहिरीशी बोलत बसेल.

बाई रागावल्या नाहीत.
चलानावरची माझी सही तेवढी दाखवली.
मी उगाच विचारलं, आर३ म्हणजे?
"तिसरी आवृत्ती."
आधीच्या दोन चुका काय होत्या?
"ते नंबरात लिहीत नाहीत."

रात्री खोकं घेऊन पोहोचलो,
तर गेंदालाल टॉवरच्या पहिल्या टप्प्यावर
पाय सोडून, कागदातली शेव खात बसलेला.
हात पुसले. टॉर्च लेबलावर धरला.
"पेलां बांच," म्हणाला.

अक्षराखाली बोट ठेवत
मी पहिलीतल्या पोरासारखा मोठ्यानं वाचू लागलो.