शंभराला सव्वा

कुपवाडात, न्हाणीमागं, तेलाच्या पिंपाची भट्टी.
कुकरची झाकणं, लुनाचे पिस्टन
सुकुमारकाकांच्या एकाच मुशीत.
वाळूत मळी कालवलेली,
म्हणून रस ओतला की
साऱ्या बोळाला गुऱ्हाळाचा वास.

पुलीचा लाकडी पॅटर्न मात्र मापाहून मोठा.
"निवताना आकसतंय. शंभराला सव्वा सोडायचं."

काकी उंबऱ्यात, नातवाच्या चड्डीची दुमड उसवत.
शिवतानाच दोन बोटं जास्त धरलेली,
पोरगं वाढणार म्हणून.

पहिली पुली फसली. तुंब्यापाशी भोक.
मुकाट परत मुशीत.
दुसरी गार होईतो कुणी बोललं नाही.
मग कॅलिपर:
हळदीच्या ड्रमाला बरोबर.

तो सव्वा गेला कुठं, मी विचारलं.
काकांनी हात पुसले.
काकींनी दातानं दोरा तोडला.