गल्लीतून माझा आवाज जातो

गुलमंडीतल्या दुकानदारानं दोन माईक पुढं ठेवले.
हा हळवा, म्हणाला,
शेजारच्या खोलीत सुई पडली तरी टिपतो.
आणि हा जरा ठोंब्या,
तोंडाशी गेल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.
मला दोघंही नात्यातले वाटले.
हळवा घेतला.
जालन्यापर्यंत एसटीत मांडीवर धरून आणला,
झाकणाच्या डब्यातल्या दह्यासारखा.

पहिल्याच रात्री त्यानं सगळं बोलून टाकलं:
कूलरची मोटार, कूलरमधलं पाणी,
भिंतीपलीकडची चंदनशिवे मास्तरांची ढेकर,
एमआयडीसीतल्या भट्ट्यांची घरघर,
जी लग्नाला अठरा वर्षं होऊनही
मला कधी ऐकूच आली नव्हती.
आणि बांगड्या.
सगळ्यात जास्त माझ्या बांगड्या.

काढून ठेव, असं बळीराम म्हणाले नाहीत.
मीही विचारलं नाही.
दोन्ही मनगटांवर रुमाल गुंडाळले,
भाजल्यावर बांधतात तसे.

मी मोईनभाईंच्या भोंग्याच्या रिक्षासाठी बोलते.
साड्यांचा सेल, सरकी पेंड, नर्सरीचे प्रवेश,
उद्या नळाला पाणी येणार नाही.
एका जाहिरातीचे दोनशे, निधनाचे शंभर.
भोंग्यातून बाहेर पडताना माझा आवाज
पत्र्याचा झालेला असतो.
भोंग्याला कुठं कळतंय, ताई, मोईनभाई हसतात,
एवढी कशाला झाकाझाक?
कळत नाही, खरंय.
पण गाद्या उभ्या करून, दाराच्या फटीत चादर कोंबून
मी त्या कपाटाएवढ्या जागेत बसते ना,
तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा
मला कुणी हाक मारत नाही.

हळवा आठ दिवसांत परत दिला, तीनशे कापून.
ठोंब्या आणला.
वीतभर लांब, थोडा तिरका,
म्हणजे प आणि फ फुटत नाहीत.
साड्यांना हे चालून जातं.
‘पार्थिव’ म्हणताना
प फुटलेला बरा दिसत नाही.

मे महिना, दुपारचे दोन.
कादराबादच्या कौतिकाबाई लिंबाजी खरात.
पाच वाजता उचलणार, तीनपर्यंत रिक्षा सुटायला हवी.
कूलर बंद. फोन गादीखाली.
घाम भुवईवरून डोळ्यात उतरतोय, पुसायचा नाही,
पदराचाही आवाज होतो.
कळविण्यास अत्यंत दुःख होते की,
एवढं म्हणाले
आणि गल्लीच्या तोंडाशी मीच आले.
या या, मावशी या, वहिनी या,
नुसतं बघायला तरी या.

मागच्या आठवड्यातली मी. आनंदात होते.
ठोंब्यानंसुद्धा ऐकलं.

प्रज्वल म्हणाला, काकू, थांबा, काढून टाकतो.
लॅपटॉपमधलं ते यंत्र आधी म्हणतं,
नको असलेला आवाज नुसता दाखवा,
दहा सेकंद, मध्ये कुणी बोलू नका.
ते शिकून घेतं, मग पुसतं.
त्यानं माझ्या ‘या या’वर निळी पट्टी ओढली.
हा गोंगाट, असं सांगितलं.
यंत्रानं मान्य केलं.
पुसलं.
गळा एकच. पुसायला घेतलं की दोन्हीकडचं जातं.
उरल्या त्या कौतिकाबाई हौदाच्या तळातून बोलल्यासारख्या,
आडनाव तर गेलंच.

पुन्हा बसले. रुमाल घट्ट केले.
वाट बघितली
माझी मी कोपऱ्यावर वळेपर्यंत,
साड्या लांब जाईपर्यंत,
मग रसवंतीच्या घुंगरांपर्यंत,
मग भट्टीपर्यंत, जी जात नाही.
तोंड स्पंजाला लागेल इतकं जवळ नेलं.
एका दमात म्हणाले. प फुटला नाही.

साडेतीनला रिक्षा आली.
मी भांडी घासत होते.
माझा पत्र्याचा आवाज दारावरून जायला लागला, सावकाश,
मोईनभाई निधनाला पहिल्या गिअरमध्ये चालवतात.
भिंतीपलीकडं
चंदनशिवे मास्तरांनी कूलर बंद केला.
मी नळ.