तळाखालचा उजेड

वेंगुर्ल्याला, मांडवीत, पास्कूच्या भंगारात
होड्यांचे तीन बंद पंप, एक फुटकं घंगाळ,
कुठल्याशा लॉजच्या जुन्या नळांची टोपली,
आणि त्या टोपलीखाली टेकू म्हणून
रंधा.

टेकू काढला तशी टोपली कलंडली.
पास्कू म्हणाला, "मेस्तानू, आता भरा नळ."
भरले. मग रंधा मांडीवर घेतला.

आधी वास घ्यायचा. हे मला कोणी शिकवलेलं नाही.
खोबरेल मुरलेलं लाकूड कितीही जुनं झालं तरी गोडूस येतं;
जळकं ऑइल पाजलेलं असलं तर समजायचं
शेवटचा मालक घाईत होता.
हा गोडूस. मागून थोडा खारा,
धुऊन उन्हात टाकलेल्या मासळीच्या पाटीसारखा.

मग बोटाच्या पेराने ठोकायचा, कलिंगड ठोकतात तसा.
आत चीर असली की आवाज दबून येतो.
हा खणखणीत बोलला.
खैर असावा; शिसवीला ही लाली येत नाही.

पाचर सागाची, नवी, कोणीतरी नुसती कोंबलेली.
हाताने हलली. ती बदलायची.
पातं गंजलेलं, पण गंज वरवरचा,
पायाशी पडलेल्या सोडणाने घासला
तर खाली निळसर पोलाद, अजून दोन बोटं शिल्लक.
दोन बोटं म्हणजे माझ्या हातून पंधरा वर्षं.
मी एकोणसाठचा आहे. जमेल.

शेवटी खिशातली पोलादी पट्टी तळावर उभी धरली
आणि खाडीकडे तोंड करून एक डोळा मिटला.
बहुतेक रंधे इथे नापास होतात.

पट्टीखालून उजेड आला.
पुढून आला, मागूनही आला. पट्टी फक्त मधे टेकली.

"वाकडो आसा," पास्कू खांद्यावरून म्हणाला.
त्याला लाकूड वाचता येत नाही, माझं तोंड येतं.
"दोनशे सांगणार होतंय. शंभर द्या."

वाकडा रंधा मी ओळखतो.
तो एका अंगाने झिजतो, माणूस जिथे रोज भार टाकतो त्या अंगाने.
ह्याचा उजेड दोन्ही टोकांना सारखा होता,
मोजून सोडल्यासारखा.
पट्टी आडवी फिरवली. तसंच.
बांगड्याच्या पोटाला असतो तेवढा फुगवटा.

चौकटीला ह्याचा उपयोग नाही, मखराला नाही,
पोळपाटाला तर नाहीच.
हा होडीच्या आतला.
जिथे फळी वळते, आणि सपाट रंधा
आपल्या दोन टोकांवर उभा राहून
मधल्या लाकडाला शिवतसुद्धा नाही, तिथला.

अंगठ्याची खळी उलट्या कुशीला. डावखुरा होता.
उभादांड्याचा कोण डावखुरा?
आठवेना. विचारावं असं माणूसही आठवेना.
समोर खाडीत पाच होड्या, पाचही फायबरच्या,
साच्यातून निघालेल्या, गुळगुळीत.

शंभराची नोट हातात होती.
पास्कूने ती घेतलीही असती.
पण रंध्याला वाकडा म्हणून घरी नेणं
माझ्याने होईना.
"वाकडो नाय," मी म्हटलं, "तसोच केललो आसा."

"असा काय?" पास्कू म्हणाला. "मगे दोनशे."

दिले.

घरी पातं निसण्यावर धरलं, पाचर नवी केली,
पडवीतली फणसाची फळी बाकावर आडवी घातली.
उजव्या हाताने धरला तर खळी तळहाताला टोचते.
डाव्याने धरला, तर चाळीस वर्षांच्या मेस्ताचा हात
उमेदवारासारखा लटपटला.
तिसऱ्या खेपेला ढलपी सुटली:
मधे जाड, कडांना विरळ, सुरंगीच्या पाकळीसारखी वळलेली.

सपाट फळीला एक खोलगट सरी पडली.
बायकोने येऊन बघितलं. "बिघडली?"
"फळी बिघडली."

दुसऱ्या दिवशी तिने त्या सरीत कोकमं वाळत घातली.